पंच्याण्णव डबे, एकशे नव्वद काड्या

मासळी डबाबंद करण्याचा कारखाना गावात आला, तर मुर्तिनीला रोजचे दोनशे वीस डबे मिळणार होते.

मुर्तिनी जगातलं सगळं डब्यांत मोजायची. लग्न म्हणजे चारशे डबे, बारसं म्हणजे ऐंशी, गावसभा म्हणजे चौसष्ट. समोरून माणूस आला की तिच्या मनात आधी आकडा उमटायचा, मग चेहरा. तीस वर्षं गावाच्या तोंडात घास घालून ही सवय हाडात गेली होती. त्या हिशेबाने दोनशे वीस कामगार, आठवड्याचे सहा दिवस, कारखान्याच्या आवारात पक्क्या छपराचं कँटीन, दोन मोठ्या शेगड्या आणि आतल्या आत नळ. शिवाय सेमारांग शहरातल्या कापडदुकानात उभं राहून पाय सुजवून घेणारी सून परत येईल, आणि सुनेच्या मागोमाग मुलगा, हा वरचा नफा. तोटा शोधायला ती दोन दिवस बसली. एकही सापडला नाही. तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण दोनशे वीस डब्यांची चळत उभी राहिली की माणसाला पलीकडचं दिसत नाही.

कँटीन देणार कारखाना, आणि कारखान्याच्या कानाशी लागणार लुराह सुदिब्यो, म्हणजे गावचा मुख्य. आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने बू म्हणतात, मोठ्या पुरुषाला पाक. सुदिब्यो तिच्याच ओसरीवर बसून, तिच्याच हातचा लेम्पर खात तिला म्हणाला होता, "बू मुर्तिनी, कँटीनचा कागद तुमच्याच नावाने निघेल. गाव तेवढं शांत राहायला हवं."

"आपलं गाव कधी शांत नव्हतं, पाक लुराह?"

"तेच म्हणतो मी," लुराह म्हणाला, आणि दुसरा लेम्पर उचलला. चिकट भातात कोंबडीचं सारण, वरून केळीचं पान. मुर्तिनीचा लेम्पर दोनाच्या आत कुणाला थांबू देत नसे.

कायद्याप्रमाणे कारखान्याआधी गावसभा व्हायची होती. चारिकने, म्हणजे गावच्या कारकुनाने, चौसष्ट कुटुंबप्रमुखांची यादी दिली, मुर्तिनीने चौसष्ट डबे भरले. एक लेम्पर, एक गोड, एक शिंपल्यांची सळी, मसाल्यात परतलेली. सळी हा तिचा मान होता. सळीसाठी लोक नावडत्या नातेवाइकांच्या लग्नालासुद्धा जात.

चावडीवर सभा भरली. कारखान्याकडून गुनार्दी नावाचा तरुण आला होता, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, भिंतीभर रंगीत नकाशा. जिल्ह्याच्या पर्यावरण कचेरीतून पाक सिहोंबिंग आला होता. हा सुमात्रा बेटावरचा, बटाक जमातीचा. त्या मुलखातली माणसं 'नाही' म्हणाली की तीन घरं सोडून ऐकू जातं, आणि मग ती एकाच ताटात जेवायला बसतात. त्याला इकडे बदलून येऊन पुरते तीन महिने झाले नव्हते.

"सांडपाण्याचा नळ इथून निघेल," गुनार्दीने नकाशावर काठी फिरवली, "आणि उत्तरेच्या खाडीत जाईल. तिथून समुद्र. कुणाला काही त्रास नाही."

"इंगिह," चौसष्ट माणसं म्हणाली.

"योजना समजली ना?" सिहोंबिंगने विचारलं.

"इंगिह."

"मान्य आहे?"

"इंगिह."

"कुणाला काही हरकत? मोकळेपणी सांगा."

"इंगिह," असं म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि मागे डब्यांपाशी उभ्या मुर्तिनीनेही घातली.

आता इंगिह म्हणजे हो. शाळेत एवढंच शिकवतात, आणि परमुलखातला माणूस एवढंच शिकून येतो. पण मोठा माणूस बोलत असताना खाली बघून म्हटलेलं इंगिह म्हणजे 'तुमचा आवाज माझ्यापर्यंत पोचला'. पाहुणा बोलतोय आणि आपण ओठ मिटून बसलोय, इतका उर्मटपणा जावाच्या या किनाऱ्यावर दारुडासुद्धा करत नाही. सिहोंबिंगने मात्र चष्मा वर केला, प्रसन्न झाला, आणि लिहून घेतलं.

चार दिवसांनी चावडीच्या दारावर कागद लागला. 'उपस्थित चौसष्ट. सहमत चौसष्ट.'

"मी कधी हो म्हटलं?" तांदूळवाल्याने कागदावर बोट ठेवून विचारलं.

"तू इंगिह म्हणालास."

"मग काय म्हणायला हवं होतं? साहेब तोंडाकडे बघत होते."

"मीही म्हणालो. पण मी तर ऐकतसुद्धा नव्हतो, सळी खात होतो."

सगळे हसले आणि घरी गेले. आपल्या गावाची हीच तर गंमत, असं मुर्तिनीलाही वाटलं. ही गंमत संध्याकाळपर्यंत टिकली.

संध्याकाळी म्बाह रेबी, म्हणजे रेबीआजी, आली, शिंपल्यांची टोपली घेऊन. म्हातारी उत्तरवाडीची. वीस-बावीस वर्षांपूर्वी समुद्राने गाळ टाकून जमीन दिली, त्यावर एकतीस घरं उभी राहिली. समुद्राने दिलेलं समुद्राने अजून परत मागितलं नव्हतं; सरकारी दप्तराने मात्र अजून मान्यही केलं नव्हतं. वाडीतल्या बाया ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या वेचायच्या, आणि त्यातल्या निवडक मुर्तिनीच्या दारी यायच्या.

"चौसष्ट डबे केलेस म्हणे, न्दुक." म्हातारी गावातल्या सगळ्याच बायांना न्दुक, म्हणजे पोरी म्हणायची. मुर्तिनी तर बावन्न वर्षांची होती.

"केले, म्बाह."

"सळी होती त्यात?"

"होती की. तुमच्याच शिंपल्यांची."

"म्हणजे आमच्या शिंपल्या सभेला गेल्या. आम्ही तेवढ्या राहिलो."

मुर्तिनीने टोपली घेण्यासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. "यादी चारिककडून येते, म्बाह. मी यादीबरहुकूम करते."

"यादीत आम्ही नाहीच. मला ठाऊक आहे." म्हातारीने टोपली स्वतःच खाली ठेवली. "पण तो नळ येतोय तो बरोबर आमच्या दारात. न चुकता. त्याला पत्ता कुणी दिला?"

म्हातारी चिडली नव्हती. चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती नेहमीसारखी शिंपल्या मोजून देऊन निघून गेली, आणि जाताना एवढंच म्हणाली, "ते पाणी खारं असेल की गोडं, गं? शिंपल्यांना विचारायला हवं."

आमच्याकडे घरात कार्य झालं आणि शेजारच्या घरी वाटा गेला नाही, तर ते वर्षभर बोललं जातं. ज्याचा वाटा राहिला तो काही बोलत नाही. बाकीचं गाव बोलतं. तीस वर्षांत मुर्तिनीच्या हातून एक घर सुटलं नव्हतं, आणि आता एकदम एकतीस. सभा म्हणजे काही कार्य नव्हे, असं तिने मनाला समजावलं. मन म्हणालं, इंगिह.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक डबा भरला आणि खताच्या दुकानावरच्या खोलीत पोचली. सिहोंबिंग तिथे भाड्याने राहायचा. त्याने डबा उघडला, सळी आधी उचलली, आणि तोंड भरल्यावर विचारलं, "बू, काम काय?"

"काही नाही. सहज. तुम्ही जेवता की नाही ते बघायला."

"बू, तुम्ही जिना चढून आलात. सहज कुणी हा जिना चढत नाही. पायऱ्याच तशा आहेत."

मुर्तिनी बसली. पदर सारखा केला. पाऊस, खताचा वास, सुमात्राची थंड हवा, सगळं झालं. सिहोंबिंगने घड्याळ बघितलं. तेव्हा ती म्हणाली, "पाक, त्या दिवशीचं इंगिह तुम्ही कशात धरलंत?"

"हो मध्ये. आणखी कशात धरणार?"

"कुठलं हो मध्ये. काहींचं होतं. बाकीच्यांचं 'ऐकलं' होतं. काहींचं 'बघू' होतं. आणि हरकत विचारलीत तेव्हाचं तर…"

"तेव्हाचं काय?"

"तेव्हाचं 'हरकत आहे' असं होतं."

सिहोंबिंगने सळी डब्यात परत ठेवली. आमच्या गावात कुणी मुर्तिनीची सळी अर्धी ठेवल्याचं हे पहिलंच उदाहरण. "मग तुम्ही लोक 'नाही' कसं म्हणता?"

"म्हणत नाही."

"मग कळतं कसं?"

"शेजाऱ्याला कळतं."

"पण मी शेजारी नाही!"

"तेच तर सांगायला आले."

तो खोलीत दोनदा येरझार घालून आला. खोली लहान होती, दोन येरझारांत संपली. "म्हणजे माझा कागद खोटा."

"खोटा कसा, पाक? सगळ्यांनी ऐकलं एवढं खरंच आहे."

"आणि ती उत्तरेची खाडी? तिथे कुणी राहतं?"

"एकतीस घरं."

"सभेला त्यांच्याकडून कोण आलं होतं?"

"शिंपल्या आल्या होत्या," मुर्तिनी म्हणाली, आणि डब्याकडे बोट केलं.

सिहोंबिंगने डब्याकडे बघितलं. मग तो तिकडच्या पद्धतीने, तीन घरांपलीकडे ऐकू जाईल असा ओरडला. तिच्यावर नाही, स्वतःवर. ओरडून झाल्यावर शांत झाला आणि सळी संपवली. "सभा परत होईल. सगळ्यांना बोलवून."

"पण त्यांची जमीन दप्तरात नाही, पाक."

"जमीन बघायला वेगळी कचेरी आहे. मी पाण्याचा माणूस. पाणी कुणाच्या दारात जातं, तेवढंच मी बघतो." मग थांबून म्हणाला, "पण बू, परत बोलावलं तरी हे सगळे इंगिहच म्हणणार ना?"

"ते तर म्हणणारच."

मुर्तिनी रिकामा डबा घेऊन जिना उतरली.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. ओसरीवर लुराह बसला होता, आणि या वेळी त्याने लेम्परला हात लावला नव्हता.

"कुणीतरी त्या बटाकाच्या कानात काहीतरी घातलंय, बू."

"कानात नाही, पाक लुराह. मी नुसतं पोटात घातलं."

"सभा परत घ्यायची म्हणतो. घेऊ. चौसष्ट डब्यांचं गाव बघेल. वरचे एकतीस यादीत नाहीत, त्यांचं गावाच्या खात्यातून व्हायचं नाही." लुराह उठला, सपाता घातल्या. "आणि कँटीनचा कागद अजून सहीला जायचाय. विसरू नका."

"इंगिह," मुर्तिनी म्हणाली. लुराह आमचाच माणूस. ते कुठलं इंगिह आहे ते त्याला कळलं, आणि तो तोंड वाकडं करून गेला.

तो गेल्यावर मुर्तिनी तिथेच बसून राहिली. दोनशे वीस एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकतीस, तेही पदरचे, आणि एकदाच. हा हिशेब आंधळ्यालाही जमला असता. तिने पंच्याण्णव डब्यांचं सामान मागवलं.

सभेच्या दिवशी पहाटेच म्बाह रेबी आणि वाडीच्या तिघी हाताखाली आल्या. न बोलावता आल्या. डबे आपल्यासाठी आहेत हे कळल्यावर हात धुऊन बसणं त्यांना शोभण्यासारखं नव्हतं. पानं पुसायची, भात दाबायचा, गुंडाळायचं, आणि नारळाच्या हिराच्या बारीक काड्यांनी पान टोचायचं. काडी टोचता टोचता म्हातारी हसली.

"काय झालं, म्बाह?"

"आमच्या लहानपणी लुराह याच काडीवर निवडायचे. प्रत्येकाच्या हातात काडी द्यायची. पडद्याआड बांबूची नळकांडी. एकावर भाताची लोंबी बांधलेली, दुसऱ्यावर मक्याचं कणीस. आपल्याला हवा त्याच्या नळकांड्यात काडी टाकायची, आणि बाहेर येऊन सगळ्यांकडे बघून गोड हसायचं. माझ्या बापाने तीनदा आपल्या सख्ख्या मेव्हण्याला पाडलं. मेव्हणा मरेपर्यंत त्याच्याकडे जेवायला यायचा."

मुर्तिनीचे हात थांबले. पंच्याण्णव डबे, म्हणजे पंच्याण्णव लेम्पर. प्रत्येकाच्या हातात काडी जाणारच होती.

"म्बाह, तुमच्याकडे बांबू आहे?"

"समुद्राशिवाय आमच्याकडे तेवढाच आहे."

चावडीत वाडीची माणसं सगळ्यात मागे बसली, चिखलाचे पाय धुऊन, बायकांच्या अंगावर लग्नातली पातळं. गुनार्दीने नकाशा लावला आणि पुन्हा सगळं सांगितलं. "इंगिह," पंच्याण्णव जण म्हणाले. सिहोंबिंगने पेनाचं टोपणही काढलं नाही.

"आता ऐका," तो म्हणाला. "कोपऱ्यात चादर बांधली आहे. मागे दोन नळकांडी आहेत. एकावर मासा काढलाय. त्याचा अर्थ, नळ नकाशात आहे तसा सरळ खाडीत जाऊ दे. दुसऱ्यावर शिंपली, तिचा अर्थ, पाणी आधी कारखान्याने आपल्या आवारात साफ करावं, मग सोडावं. कारखाना दोन्हीकडे आहेच. तुम्ही खा. खाऊन झालं की लेम्परची काडी घेऊन एकेकाने चादरीमागे जा."

"हा काय पोरखेळ?" लुराह म्हणाला.

"मागच्या खेपेला मी तोंडचं लिहिलं, पाक लुराह. फसलो. आता काडीचं लिहितो."

चावडीत इतका वेळ कुणी इतकं शांतपणे खाल्लं नव्हतं. लोक घास चावत चादरीकडे बघत होते. मग एकेक उठला. प्रत्येक जण आत जाई, बाहेर येई, आणि लुराहकडे, गुनार्दीकडे, वाडीकडे, सगळ्यांकडे बघून गोड हसे. गुनार्दीही काडी हातात घेऊन उठला.

"मीही टाकू का?"

"टाका ना," म्बाह रेबी मागून म्हणाली. "पाणी तुमच्या दारात येत असेल तर टाका."

गुनार्दी खाली बसला. त्याचे कान लाल झाले. पण तोही हसला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

चारिकने नळकांडी पालथी केली आणि दहा-दहाचे ढीग लावले. मासा पंचावन्न. शिंपली एकशे पस्तीस. वाडीतून हुंकार उठला. चारिकने बेरीज केली, परत केली, मग पेन खाली ठेवलं.

"एकशे नव्वद."

"माणसं किती?" सिहोंबिंगने विचारलं.

"पंच्याण्णव."

"मग बाकीचे पंच्याण्णव कोण? पूर्वज?"

मुर्तिनीने जीभ चावली. ती पुढे झाली. "पाक… लेम्परला काड्या दोन असतात. दोन्ही टोकांना. एकच टोचली तर भात बाहेर येतो." लेम्परचा भात बाहेर आलेला तिने जन्मात चालवून घेतला नव्हता, आजही तिच्या मनात आलं नव्हतं.

"मी एक काडी म्हणालो होतो!"

"'लेम्परची काडी' म्हणालात," तांदूळवाला अदबीने म्हणाला. "एक टाकून दुसरी खिशात कशी ठेवायची? चोरल्यासारखं वाटतं."

"म्हणजे तुम्ही दोन्ही टाकल्या? कशात?"

"एक माशात, एक शिंपलीत."

"का?"

"पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून माशात."

"आणि शिंपलीत?"

"शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"मीही तसंच केलं," मागून कुणीतरी म्हणालं. "मीही." "मीही." आधी वाडी हसायला लागली, मग वरचं गाव, मग चारिक. सिहोंबिंग दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. लुराह उभा राहिला. "म्हणजे मोजणी रद्द. नोंद अशी करा, की गावाचं काही ठरत नाही."

"थांबा, पाक लुराह," मुर्तिनी म्हणाली. हिशेब कुणी अर्धा सोडलेला तिला बघवत नसे. ती ढिगांपाशी बसली. "ज्याने इकडे एक, तिकडे एक टाकली, त्याचं खोडलं गेलं. तो सगळ्यांना गोड बोलून घरी गेला. तेव्हा या पंचावन्नापुढे त्या पंचावन्न बाजूला सारा." तिने ढीग सरकवले. "उरल्या ऐंशी. सगळ्या शिंपलीच्या. माणशी दोन. म्हणजे शिंपलीकडे चाळीस माणसं जास्त."

"त्यातली एकतीस यादीतली नाहीत," लुराह म्हणाला.

चारिक जन्मात लुराहपुढे बोलला नव्हता. तो बेरीज बघत, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तरी नऊ उरतात, पाक लुराह."

सिहोंबिंगने पेनाचं टोपण काढलं.

पण काम संपलं नव्हतं. गुनार्दी नकाशापाशी जाऊन उभा राहिला होता, काठी हातात घेऊन, आणि काठी कुठे टेकवावी हे त्याला सुचत नव्हतं. "टाक्या बांधता येतील," तो म्हणाला. "चार लागतात, एकीतून पाणी दुसरीत. उताराच्या बाजूलाच हव्यात. तशी जागा आहे. पण एकच आहे." काठी नकाशातल्या एका हिरव्या चौकोनावर टेकली. चौकोनात कपबशीचं चित्र होतं.

कँटीन.

लुराहच्या चेहऱ्यावर त्या सकाळचं पहिलं हसू आलं. "मग बू मुर्तिनींनाच विचारा."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने कपबशीकडे बघितलं. पक्कं छप्पर, दोन शेगड्या, आतल्या आत नळ. सून. मुलगा. रोजचे दोनशे वीस. मागे एकतीस डबे रिकामे होऊन ओळीत लावलेले होते. वाडीच्या बायांनी पानंसुद्धा घडी करून आत ठेवली होती. म्बाह रेबी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"इंगिह," मुर्तिनी म्हणाली.

सिहोंबिंगचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. तीन महिन्यांत तो काही अगदीच शिकला नव्हता असं नाही. "बू," त्याने हळू विचारलं, "हे कुठलं?"

तिने मान वर केली. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलणं तिला जड गेलं, पण बोलली. "हे हो-वालं. लिहून घ्या."

त्याने लिहिलं. मग म्बाह रेबीने खिडकीकडची नजर आत आणली. "आणि पाणी खरंच साफ झालं की नाही, ते कोण सांगणार?"

"कचेरी तपासेल, म्बाह."

"कचेरी चिखलात उतरते का? आम्ही बघू. महिन्यातून एकदा, शेवटच्या टाकीपाशी. टोपलीभर जिवंत शिंपल्या त्या पाण्यात ठेवू. उघडल्या तर ठीक. तोंड मिटून बसल्या तर सभा."

"शिंपल्याच बऱ्या," सिहोंबिंग म्हणाला. "त्या इंगिह म्हणत नाहीत."

कारखाना दोन महिने उशिरा सुरू झाला. शिंपल्या आजवर उघडतात. एका महिन्यात निम्म्याच उघडल्या, तेव्हा टाकीची जाळी फाटलेली निघाली आणि आठवड्यात बदलली गेली. शिंपल्या उघडोत की मिटोत, त्या दिवशी सभा भरतेच; महिन्याच्या या सभेला पंच्याण्णव डबे लागतात, आणि डब्यांना यादी लागते, म्हणून चारिकने नवी यादी केली. लुराहने दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा सही केली. उत्तरवाडीची नावं ज्या पहिल्या सरकारी कागदावर आली, तो खाऊच्या डब्यांचा कागद होता. जमिनीच्या कचेरीत म्बाह रेबी आता तोच घेऊन जाते. तिथला कारकून तो उलटसुलट करून बघतो आणि इंगिह म्हणतो. पण फेकून देत नाही.

आता कुणी काय भरलं ते बघू. कारखान्याने चार टाक्या आणि दोन महिने भरले. लुराहने एक सही भरली, तीही अशी की अजून ओसरीवर आला की पहिला लेम्पर गप्प बसून खातो. पंच्याण्णव माणसांच्या एकशे नव्वद काड्या कशा झाल्या, याचा खुलासा सिहोंबिंगने वरच्या कचेरीला तीन वेळा लिहून भरला. तिसऱ्या वेळी सोबत लेम्पर पाठवला, मग पत्र आलं नाही. कामगारांना कँटीन नाही. ते किनाऱ्यावरच्या भेंडाच्या झाडांखाली बसून जेवतात, आणि त्यांचे दोनशे वीस डबे चार बायांत वाटले गेलेत. मुर्तिनीच्या वाट्याला साठ येतात. उत्तरवाडी महिन्यातली एक ओहोटी भरते, कारण सभा आणि ओहोटी नेमक्या एका वेळी येतात. म्बाह रेबीने शिंपल्यांचा भाव वाढवला. तपासलेल्या पाण्यातल्या आहेत, म्हणते. तो मुर्तिनी भरते. महिन्याच्या सभांचे डबे वर्षाला अकराशे चाळीस होतात. कँटीनच्या एका आठवड्याचंही ते काम नव्हे. तिने हे मोजून पाहिलंय, आणि मोजून झाल्यावर जेवायला बसलीय. सून सेमारांगलाच आहे; सणाला येते तेव्हा पाय वर करून बसते आणि सासू तिला उठू देत नाही.

राहिले त्या दुसऱ्या सभेच्या एकतीस डब्यांचे पैसे. गावाने दिले नाहीत, कारखान्याला कुणी मागितले नाहीत. वाडीने दोनदा विचारलं, तेव्हा मुर्तिनी म्हणाली, खाल्लं की मिटलं. ते तिने भरले.